परंपरा किती जुनी असावी लागते? झिम्बाब्वेच्या शोना शिल्पांची गोष्ट

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)



आज आपण झिम्बाब्वेला जाऊया. आपल्याकडे हा देश बहुतेकांना क्रिकेटमुळे माहीत आहे. अँडी फ्लॉवर, हीथ स्ट्रीक, आणि शारजात सचिनने ज्याला धू धू धुतलं तो हेन्री ओलोंगा. पण कलेच्या जगात झिम्बाब्वेचं नाव निघतं ते दगडासाठी. काळ्याभोर, हिरवट, कधी जांभळट दगडात कोरलेले चेहरे, आई आणि मूल, अर्धा माणूस अर्धा प्राणी, पंख मिटून बसलेले पक्षी. या शिल्पांना जगभर ‘शोना शिल्प’ म्हणतात. शोना हे झिम्बाब्वेतल्या बहुसंख्य लोकांच्या भाषेचं आणि समाजाचं नाव.

आता ‘शोना शिल्पपरंपरा’ असं म्हटलं की आपल्या मनात काय येतं? पिढ्यानपिढ्या चालत आलेली, कुणी सुरू केली ते कुणालाच माहीत नसलेली कला. आपल्या वारली चित्रांबद्दल बोलतो तसं काहीतरी. पण आज ज्याला शोना शिल्प म्हणतात त्याची सुरुवात १९५० च्या दशकाच्या अखेरीला झाली. म्हणजे तुमच्या-माझ्या आई-वडिलांच्या वयाची ही परंपरा. तिचे पहिले शिल्पकार कोण, पहिला दगड कुठून आला, हे सगळं नावनिशीवार सांगता येतं. शिवाय तिच्यातले कितीतरी शिल्पकार शोना नव्हतेच.

मग हिला परंपरा म्हणायचं का? आणि शोना म्हणायचं का? तुम्ही म्हणाल, नावात काय आहे. पण या गोष्टीत नावात बरंच काही आहे. कारण कलेला आपण काय नाव देतो, त्यावर तिचं श्रेय कुणाच्या पदरात पडणार हे ठरतं. ते कसं, हे आज उलगडून बघूया.

सुरुवात थोडी मागे जाऊन करू. झिम्बाब्वे हे नावच मुळी दगडावरून आलं आहे. शोना भाषेतल्या ‘द्झिम्बा द्झा माब्वे’ या शब्दांचा अर्थ दगडांची घरं. देशाच्या दक्षिण भागात, मास्विंगो शहराजवळ, ‘ग्रेट झिम्बाब्वे’ नावाच्या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचून उभ्या केलेल्या प्रचंड भिंती. अकराव्या ते पंधराव्या शतकातलं हे काम. तिथे सोपस्टोनमध्ये, म्हणजे शंखजिऱ्याच्या मऊ दगडात, कोरलेले पक्षी सापडले. एकूण आठ. उंच दगडी खांबांवर बसलेले. आज झिम्बाब्वेच्या झेंड्यावर जो पक्षी दिसतो तो हाच.

गोऱ्यांची सत्ता आली तेव्हा यातले बरेचसे पक्षी देशाबाहेर गेले. एक तर सेसिल ऱ्होड्सने स्वतःसाठी विकत घेतला. स्वातंत्र्यानंतर १९८१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संग्रहालयातून काही पक्षी परत आले, आणि कशाच्या बदल्यात आले माहितीये? मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या कुळातल्या कीटकांच्या संग्रहाच्या बदल्यात.

पण पक्षी नेण्यापेक्षा मोठी चोरी वेगळीच होती. हे नगर आफ्रिकी माणसांनी बांधलंच नाही, असं वसाहतवाल्यांनी सांगायला सुरुवात केली. कुणी म्हणे फिनिशियन व्यापाऱ्यांनी बांधलं, कुणी म्हणे शेबाच्या राणीनं. १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी उत्खनन करून निर्वाळा दिला की हे काम निःसंशय आफ्रिकी लोकांचंच आहे. तरीही ऱ्होडेशियाच्या सरकारला ते पचलं नाही. पुढे पीटर गार्लेक नावाच्या पुरातत्त्वज्ञानं हेच सत्य लावून धरलं, आणि १९७० मध्ये त्यांना देश सोडावा लागला. म्हणजे ‘काळ्या माणसाला दगडातलं काही येत नाही’ हे जवळजवळ सरकारी धोरण होतं. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट हिच्यासमोर घडते.

१९५७ साली राजधानी सॉल्सबरीमध्ये, म्हणजे आजच्या हरारेमध्ये, राष्ट्रीय कलादालन उघडलं. पहिले संचालक म्हणून आले फ्रँक मॅकइवन. इंग्रज माणूस, पण अनेक वर्षं पॅरिसमध्ये राहिलेला, तिथल्या मोठमोठ्या चित्रकारांच्या ओळखीतला. युरोपातली नामवंत चित्रं आणून इथल्या गोऱ्या लोकांना दाखवावीत, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. पण त्यांनी दालनात काम करणाऱ्या आफ्रिकी कर्मचाऱ्यांच्या हातात रंग आणि ब्रश दिले. थॉमस मुकारोब्ग्वा हे त्यातलेच एक. दालनातले परिचर म्हणून लागले, आणि चित्रकार झाले, शिल्पकार झाले. हळूहळू दालनात एक कार्यशाळाच सुरू झाली. मॅकइवन यांचा नियम असा की शिकवायचं काही नाही. औपचारिक शिक्षणाने प्रतिभा मरते असं त्यांचं ठाम मत. तुमच्या आत जे आहे ते बाहेर काढा, तुमच्या पूर्वजांच्या कथा, तुमचे आत्मे, तुमची स्वप्नं.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथूनच सुरू होते आणि इथेच संपते. पॅरिसहून एक गोरा साहेब आला, त्यानं जादूची कांडी फिरवली आणि झोपलेली कला जागी झाली. ऐकायला छान. पण जरा थांबा. तिकडे डोंगरात काय चाललं होतं ते बघू.

देशाच्या पूर्वेला न्यांगाचा डोंगराळ भाग आहे. तिथे जोराम मारिगा नावाचे गृहस्थ शेतकी खात्यात नोकरीला होते. शेतकऱ्यांना सुधारित शेती शिकवायची, हे त्यांचं काम. घरात लाकूड कोरायची सवय आधीपासूनची. त्यांना तिथे हिरवट रंगाचा मऊ दगड सापडला, चाकूनं कापता येईल इतका मऊ. त्यातून ते भांडी, दुधाची बुडकुली असं काहीबाही कोरू लागले. भोवती तरुण पोरं जमू लागली. त्यांचे भाचे जॉन ताकाविरा त्यात होते, नात्यातलेच क्रिस्पेन चाकन्युका होते. जवळच राहणाऱ्या पॅट पिअर्स या कलावंत बाईंनी मारिगांचं काम मॅकइवन यांना दाखवलं, आणि मॅकइवन यांनी त्यांना माणसांच्या आकृत्या करायला उत्तेजन दिलं.

आता क्रम बघा. आधी दगड, आधी हात, आधी शिष्य. दालन नंतर आलं. मॅकइवन यांचं श्रेय कमी करायचं कारण नाही. त्यांनी जागा दिली, बाजार दिला, जगाची दारं उघडली, आणि तेही वर्णभेदी राजवटीच्या नाकावर टिच्चून. पण छिन्नी-हातोडा काही त्यांनी कुणाला दिला नाही.

आणखी एक धागा मिशनचा. सेरिमा इथे फादर जॉन ग्रोबर या स्विस मिशनऱ्यानं १९४८ पासून शाळा चालवली, तिथे मुलं लाकूडकाम शिकत. निकोलस मुकोम्बेरान्वा तिथेच शिकले. पुढे ते पोलिसात लागले. दिवसा ड्यूटी, उरलेल्या वेळात दगड. अनेक वर्षं असं काढून मग त्यांनी नोकरी सोडली, आणि या चळवळीतले सगळ्यात मोठे शिल्पकार म्हणून त्यांचं नाव झालं. म्हणजे आतून आपोआप उमलून येणारी प्रतिभा वगैरे ठीक आहे, पण इथे शिक्षण झालेलं होतं. कुणाच्या घरात, कुणाच्या मिशनमध्ये.

आता येऊ तेंगेनेंगेला. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात रंगतदार भाग हाच.

११ नोव्हेंबर १९६५. इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारनं ब्रिटनला न जुमानता एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. बहुसंख्य आफ्रिकी जनतेला सत्तेत वाटा द्यावा लागू नये म्हणून केलेला हा उद्योग. जगानं आर्थिक निर्बंध लादले. ऱ्होडेशियाचं मुख्य पीक तंबाखू. ते विकणंच मुश्किल झालं. उत्तरेला गुरुवे भागात टॉम ब्लोमफिल्ड नावाचा तंबाखूचा शेतकरी होता. शेत अडचणीत, मजूर अडचणीत. अशा वेळी एक तरुण त्याला येऊन सांगतो की तुझ्या जमिनीत कोरण्याजोगा उत्तम दगड आहे. हा तरुण कोण? क्रिस्पेन चाकन्युका. न्यांगाच्या मारिगांकडे शिकलेला!

म्हणजे बघा, पहिलं दार मॅकइवनचं म्हणतात, दुसरं दार ब्लोमफिल्डचं म्हणतात, आणि दोन्ही दारांतून आत येताना दिसतात ते मारिगांचेच हात.

त्या दगडाबद्दलही दोन शब्द. झिम्बाब्वेच्या मधोमध साधारण साडेपाचशे किलोमीटर लांबीचा एक खडकाचा पट्टा गेला आहे. त्याला ‘ग्रेट डाइक’ म्हणतात. वय सुमारे अडीच अब्ज वर्षं. त्यात सर्पेंटाइन जातीचे दगड मुबलक. तेंगेनेंगे याच पट्ट्यावर आहे. १९६६ पासून तिथे तंबाखूच्या मजुरांनी दगड फोडायला आणि कोरायला सुरुवात केली. कुणी ट्रॅक्टर चालवणारा, कुणी शेतमजूर, कुणी नुसता खाणीतून दगड काढायला आलेला.

बर्नार्ड मातेमेरा हे ट्रॅक्टरचालक. त्यांनी अवाढव्य, जडशीळ आकृत्या केल्या, हातापायाला तीन-तीन बोटं असलेल्या. हेन्री मुन्याराद्झी शाळेची पायरीही चढले नव्हते. त्यांनी चौकोनी चेहरा, दोन गोल डोळे आणि नाकाची सरळ रेघ, एवढ्यावर आपली शैली उभी केली. फानिझानी आकुडा दगड काढायला आले होते, शिल्प करायला आधी तयारच नव्हते. नंतर त्यांनी हसऱ्या, मिचमिच्या डोळ्यांची माणसं कोरली. डोळे असे मिटलेले का, याचं त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. दगडाच्या कपच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून!

आणि इथेच नावाचा प्रश्न येतो. आकुडा झाम्बियाचे. तेंगेनेंगेतले इतर कितीतरी जण मलावीचे, मोझांबिकचे, अंगोलाचे. तंबाखूच्या मळ्यांवर मजुरीसाठी आलेली ही स्थलांतरित माणसं. कुणी चेवा, कुणी याओ. त्यांच्या दगडांत त्यांच्या गावचे मुखवटे उतरले, त्यांच्या कथा उतरल्या. तिकडे दालनात मात्र सगळ्या कामाला एकच लेबल लागत होतं, शोना. १९७१ साली पॅरिसच्या रोदाँ संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं, त्याच्या नावातही शोनाच. युरोपातल्या प्रेक्षकाला एक प्राचीन जमात, तिचे आत्मे, तिची गूढ कला, असं एकसंध चित्र आवडतं. ‘मलावीहून पोटासाठी आलेल्या मजुरानं रविवारी कोरलेलं शिल्प’ असं सांगितलं तर ते इतकं गूढ वाटत नाही.

गंमत म्हणजे खुद्द ‘शोना’ हे नावही फार जुनं नाही. कारंगा, झेझुरू, मान्यिका, कोरेकोरे असे वेगवेगळे समूह. त्यांच्या बोलींची मिळून एक प्रमाण शोना भाषा ठरवण्याचं काम क्लेमेंट डोक या भाषातज्ज्ञाकडे आलं आणि त्यांचा अहवाल १९३१ चा. त्यानंतर हे एकत्र नाव पक्कं झालं.

मग हे सगळं बनावट आहे का? बाजारासाठी रचलेली परंपरा? असं म्हणणारे टीकाकारही आहेत. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो.

पहिलं कारण, विषय. या शिल्पांत जे दिसतं ते बाहेरून आणलेलं नाही. पाण्यातला आत्मा न्जुझू, चापुंगू हा संदेश आणणारा गरुड, पूर्वजांचे आत्मे म्हणजे वाद्झिमू. शोना कुळांना ‘मुतुपो’ असतो, म्हणजे कुळाचं प्रतीक असलेला प्राणी, ज्याचं मांस त्या कुळानं खायचं नाही. आपल्याकडे कुळाचं देवक असतं ना, त्याच्या जवळपास जाणारी कल्पना. माणूस प्राण्यात बदलताना दिसतो तो या समजुतींमधून.

दुसरं कारण, काम करण्याची रीत. इथे आधी कागदावर चित्र नाही, मातीचा नमुना नाही. शिल्पकार दगड निवडतो, त्याच्याभोवती फिरतो, त्याचा आकार न्याहाळतो आणि थेट घाव घालतो. टोकदार छिन्नीनं मोठा भाग उडवायचा, मग दातेरी हातोडीनं बारीक टोचे, मग कानस, मग पाणी लावून पॉलिश पेपरचे हात, खरखरीतापासून अगदी मऊपर्यंत. शेवटी दगड आगीवर तापवायचा आणि गरम असतानाच त्यावर मेण चोळायचं. मेण आत मुरतं आणि राखाडी दिसणारा दगड एकदम काळाकुळकुळीत चमकतो. जिथे मेण लावलं नाही तो भाग फिकट राहतो. कॉलीन मादामोम्बे या शिल्पकार बाई याचा फार सुंदर वापर करायच्या. बाईचा चेहरा गुळगुळीत, चमकदार, आणि घागरा मात्र दगडाच्या मूळच्या खडबडीत, तपकिरी सालीचा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असं आपण म्हणतो. मादामोम्बेंचं शिल्प बघितलं की वाटतं, घाव कुठे थांबवायचा हे कळणं त्याहून अवघड.

आणि तिसरं कारण, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. परंपरा या शब्दाचा अर्थच मुळी एकाकडून दुसऱ्याकडे जाणं. मारिगांकडून ताकाविरांकडे. मुकोम्बेरान्वांकडून त्यांच्या मुलामुलींकडे आणि पुतण्याकडे. अ‍ॅग्नेस न्यानहोंगो या नावाजलेल्या शिल्पकार, त्यांचे वडील क्लॉड हेही शिल्पकार. मोठ्या शिल्पकाराच्या अंगणात पोरं दगड घासायला बसतात आणि काही वर्षांनी स्वतःचा दगड घेतात. तीन पिढ्या झाल्या. ही साखळी खरी आहे, डोळ्यांसमोरची आहे. तिला पाचशे वर्षांचा खोटा दाखला जोडायची गरज नाही. ग्रेट झिम्बाब्वेच्या पक्ष्यांपासून मारिगांपर्यंत दगडी मूर्तिकामाची सलग साखळी कुणाला दाखवता आलेली नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही.

उलट, प्राचीन ठरवण्यात तोटाच जास्त. कला ‘जमातीची’ ठरली की माणसाचं नाव पुसलं जातं. पिकासोचं चित्र पिकासोचं असतं, स्पेनच्या लोकांचं नसतं. मग मातेमेरांचं शिल्प निव्वळ ‘शोना’ का? १९८६ साली आपल्या दिल्लीत, ललित कला अकादमीच्या आंतरराष्ट्रीय ट्रायेनालेमध्ये याच बर्नार्ड मातेमेरांना पुरस्कार मिळाला होता. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलं आहे? १९९० च्या व्हेनिस बिएनालेत मुकोम्बेरान्वा, मुन्याराद्झी आणि टापफुमा गुत्सा या तिघांनी झिम्बाब्वेचं प्रतिनिधित्व केलं. यातले गुत्सा तर लंडनला शिकून आलेले, दगडाला लाकूड, धातू अशा गोष्टी जोडणारे. ‘आदिम’ चौकटीत ते बसतच नाहीत.

मॅकइवन १९७३ मध्ये सरकारशी न पटल्यामुळे देश सोडून गेले. पर्यटकांसाठी छापाच्या गणपतीसारख्या एकसारख्या काढलेल्या वस्तूंना ते तुच्छतेनं ‘एअरपोर्ट आर्ट’ म्हणायचे. अमेरिकेतले आपले बरेच श्रोते अटलांटा विमानतळावरून ये-जा करतात. तिथे टी आणि ए या कॉन्कोर्सच्या मधल्या भुयारी वाटेत झिम्बाब्वेच्या शिल्पांचं कायमस्वरूपी प्रदर्शन आहे. अस्सल, उत्तम कामं, आणि शेवटी विमानतळावरच! प्रदर्शनाच्या नावातही ‘परंपरा’ हा शब्द आहेच. पुढच्या वेळी सरकत्या पट्ट्यावरून जाण्याऐवजी तिथून चालत जा आणि प्रत्येक शिल्पाखालचं नाव वाचा.

कारण या माणसांची आजची लढाई नावाचीच आहे. २००० नंतर झिम्बाब्वेची अर्थव्यवस्था कोसळली. २००९ च्या सुरुवातीला शंभर लाख कोटी डॉलरची नोट निघाली, यावरून कल्पना करा. पर्यटक आटले, गिऱ्हाईक गेलं. पोट भरायचं तर खपणारा नमुना पुन्हा पुन्हा कोरायचा. मोठ्या शिल्पकाराच्या गाजलेल्या शिल्पाची नक्कल रस्त्याकडेच्या दुकानात बिननावाची ठेवली जाते आणि खाली पाटी असते ‘शोना शिल्प’. ज्यानं कोरलं त्याचं नाव नाही, ज्याची कल्पना त्याचंही नाव नाही. जमातीचं नाव तेवढं आहे. वर्षानुवर्षं आपणच ते लेबल उचलून धरलं, मग दुकानदाराला दोष किती द्यायचा?

म्हणून एकच सांगणं. उद्या तुम्ही व्हिक्टोरिया धबधबा बघायला गेलात आणि एखादं शिल्प आवडलं, तर किंमत विचारण्याआधी विचारा, हे कुणी केलं? गाव कुठलं, दगड कुठला, शिकलात कुणाकडे? उत्तरात कदाचित मारिगांपर्यंत जाणारी साखळी निघेल. कदाचित मलावीहून मजुरीला आलेला कुणाचा तरी आजोबा निघेल. आणि मग ते शिल्प घरी आणलंत, पाहुण्यांनी विचारलं, तर ‘आफ्रिकन आहे’ एवढ्यावर थांबू नका. करणाऱ्याचं नाव सांगा.

आजच्या भागात एवढंच. तुमच्यापैकी कुणी हरारेत राहिलं असेल, तेंगेनेंगेला जाऊन आलं असेल, तर जरूर लिहून कळवा, ऐकायला आवडेल.